वहीची मागची पाने : बारावीच्या एका विद्यार्थिनीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका कनिष्ठ महाविद्यालयात बारावी विज्ञान शाखेत शिकणाऱ्या विद्यार्थिनीचे आहे. डिसेंबर २०२४ ते ऑगस्ट २०२५ हा त्याचा काळ. त्या वर्षी मी तिच्या तुकडीचा वर्गशिक्षक होतो आणि भौतिकशास्त्र शिकवत होतो. तिची आणि तिच्या घरच्यांची संमती घेऊन हे लिहिले आहे. ओळख पटू नये म्हणून तिला येथे अश्विनी म्हटले आहे, आणि गाव व महाविद्यालयाचा उल्लेख टाळला आहे.

अश्विनीचे वडील गलाई कारागीर आहेत. खानापूर-आटपाडी भागातील अनेक कुटुंबांप्रमाणे त्यांनीही तरुणपणी गाव सोडले, आणि आज ते तमिळनाडूत एका नातेवाइकाच्या दुकानात सोने-चांदी गाळण्याचे काम करतात. गावी ते दिवाळीला आणि यात्रेला येतात. घरी आई, आजी आणि नववीत शिकणारा भाऊ असतो. अडीच एकर डाळिंब आहे. गाव तालुक्यापासून चौदा किलोमीटरवर असल्यामुळे अश्विनी सकाळच्या एसटीने येत असे आणि दुपारच्या एसटीने परत जात असे.

दहावीपर्यंत तिचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले होते. अकरावीला प्रवेश घेताना गणित आणि जीवशास्त्र असे दोन्ही विषय घेतले गेले, म्हणजे अभियांत्रिकी आणि वैद्यकीय या दोन्ही वाटा मोकळ्या राहतील असे घरच्यांना सांगण्यात आले. सांगणाऱ्यांत आम्ही शिक्षकही होतो. या निवडीचा हिशेब बारावीच्या उत्तरार्धात चुकवावा लागतो, हे मात्र त्या वेळी कोणी सांगत नाही. मंडळाची परीक्षा, एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचे गणित व जीवशास्त्र असे दोन गट, आणि वैद्यकीय प्रवेशाची नीट, अशा चार परीक्षा फेब्रुवारी ते मे या तीन महिन्यांत येतात आणि चारही परीक्षांची रीत वेगवेगळी असते. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, नीटमध्ये होतात, आणि मंडळाच्या परीक्षेत उत्तर पायऱ्यापायऱ्यांनी लिहावे लागते.

समस्या कशी लक्षात आली

प्रथम सत्र परीक्षेत तिला भौतिकशास्त्रात ५० पैकी ३७ गुण होते. डिसेंबरच्या पूर्वपरीक्षेत ७० पैकी ३१ मिळाले. गुण कमी झाले यापेक्षा ते कोठे कमी झाले, हे अधिक विचित्र होते. भौतिकशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत शेवटच्या ‘ड’ विभागात चार गुणांच्या पाच प्रश्नांपैकी तीन सोडवायचे असतात. हे बारा गुण तिने संपूर्ण सोडून दिले होते. त्यांतील दोन प्रश्न तिने वर्गात फळ्यावर सोडवून दाखवले होते, त्यामुळे ते येत नव्हते असे म्हणता येत नव्हते.

पुरवणीच्या शेवटच्या पानावर कच्चे काम होते आणि त्यावर तिने नियमाप्रमाणे आडवी रेघ मारली होती. त्या रेघेखाली एक बेरीज होती. आकडे भौतिकशास्त्राचे नव्हते. एकाखाली एक पाच रकमा लिहून त्यांची बेरीज केली होती, तिला बाराने गुणले होते, आणि उत्तराभोवती गोल काढला होता. तीन तासांच्या पेपरात या मुलीने किमान दहा मिनिटे कोणत्या तरी वार्षिक खर्चाचा हिशेब मांडण्यात घालवली होती. हे पान मी ४ जानेवारीला पाहिले, आणि पाहूनही त्याचा अर्थ लावला नाही. माझ्या दृष्टीने तो केवळ लक्ष विचलित झाल्याचा पुरावा होता.

पहिला उपाय आणि त्याचा परिणाम

सोमवारी, ६ जानेवारीला मी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे तिला अभ्यासाचे वेळापत्रक आखून दिले. पहाटे साडेचारपासून रात्री साडेदहापर्यंतचे ते वेळापत्रक आज पाहिले की लाज वाटते, कारण त्यात एसटीची वाट पाहण्याचा वेळही ‘सूत्रांची उजळणी’ म्हणून भरलेला होता. दुसरी गोष्ट म्हणजे तिला न विचारता मी तिच्या वडिलांना फोन केला. मुलगी हुशार आहे, पण सध्या तिचे लक्ष लागत नाही, एवढेच मी म्हणालो. ते लगेच म्हणाले, “सर, पैशाचं मी बघतो. यंदा नाही जमलं तर लातूरला रिपीटर बॅचला घालू. तिला म्हणावं, फक्त अभ्यास कर.”

वडिलांच्या बाजूने हे औदार्य होते. तमिळनाडूत भट्टीसमोर उभे राहून कमावलेल्या पैशातून एक संपूर्ण जादा वर्ष मुलीला देण्याची त्यांची तयारी होती. अश्विनीपर्यंत ते वाक्य पोहोचले तेव्हा मात्र पुरवणीवरच्या त्या बेरजेत आणखी एक मोठी रक्कम वाढली. पुढच्या आठ दिवसांत ती तीन दिवस गैरहजर राहिली. प्रात्यक्षिक परीक्षा २४ जानेवारीपासून सुरू होणार होत्या, आणि तिच्या रसायनशास्त्राच्या जर्नलमधील चार प्रयोग अपूर्ण होते.

तिच्याकडे खऱ्या अर्थाने लक्ष कोणाचे गेले, तर आमच्या प्रयोगशाळा परिचर मावशींचे. ही मुलगी प्रात्यक्षिक संपल्यावरही उगाच परीक्षानळ्या धूत थांबते आणि दुपारची एसटी मुद्दाम चुकवते, असे त्यांनी जीवशास्त्राच्या मॅडमना सांगितले. घरी लवकर जायचे नाही आणि वर्गातही बसायचे नाही, अशी ती अवस्था होती. १६ जानेवारीला मॅडम तिच्याशी बोलल्या. सुमारे अर्धा तास अश्विनी “काही नाही मॅडम” एवढेच म्हणत राहिली. शेवटी ती म्हणाली की अभ्यासाला बसले की डोक्यात काय काय येत राहते, आणि ते इतके फालतू असते की सांगण्यासारखे नाही.

वहीची मागची पाने

मॅडमनी तिला ते फालतू विचारच लिहून काढायला सांगितले. अट एकच होती : विचार आला की कच्च्या वहीच्या मागच्या पानावर एका ओळीत टिपायचा आणि पुढे अभ्यास चालू ठेवायचा. त्यावर विचार करायचा नाही, उत्तर शोधायचे नाही, अक्षर सुवाच्य काढायचे नाही. १७ ते २५ जानेवारी असे नऊ दिवस तिने हे केले. प्रजासत्ताक दिनाच्या ध्वजवंदनानंतर तिने ती पाने फाडून मॅडमच्या हाती दिली. एकूण एक्केचाळीस नोंदी होत्या. त्यांतील काही तिच्या परवानगीने येथे देत आहे.

“जूनपासून पास बंद.” “आजोबांचा दाखला मिळाला नाही तर?” “सेंडऑफला साडी कुणाची मागायची.” “हॉस्टेलला कपाट असतं का.” “नीटचा फॉर्म भरला की मागं फिरता येणार नाही.” “पप्पा लातूर म्हणाले. लातूरचे पैसे म्हणजे बोअरचे पैसे.” “आजीचे थेंब रात्री कोण घालणार.” “मामा म्हणाले, बारावी झाली की बघू. काय बघू?” “माझ्या जागेवर पुढच्या वर्षी कोण बसेल.” “इंजिनिअरिंगला सगळे इंग्रजीत बोलतात का, का नुसतं लिहितात.”

या नोंदी वाचल्यावर मला सर्वांत आधी जाणवली ती माझी चूक. आम्ही सगळे तिला एकच मोठा प्रश्न विचारत होतो : पुढे काय करायचे ठरवले आहे? तिच्या मनात मात्र असा एक प्रश्न नव्हताच. तेथे चाळीस लहान प्रश्न होते, आणि त्यांपैकी बऱ्याच प्रश्नांना तालुक्याच्या ठिकाणी चौकशी करून एका दिवसात उत्तर मिळू शकत होते. पहिलीच नोंद घ्या. ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत असतो. त्यानंतर विद्यार्थ्यांच्या सवलतीचा पास मिळतो आणि त्यात भाड्याचा सुमारे एकतृतीयांश भाग भरावा लागतो. हे माहीत नसल्यामुळे तिने पुरवणीवरच्या बेरजेत पूर्ण भाडे धरले होते.

२७ जानेवारीला मॅडम, मी आणि अश्विनी यांनी बसून या नोंदींचे तीन गट केले. ज्यांना तारीख आहे अशा चौदा, ज्या पैशाशी संबंधित आहेत अशा अकरा, आणि ज्यांना तारीखही नाही व किंमतही नाही अशा सोळा. कोणती नोंद कोठे जाईल हे तिनेच ठरवले. ‘नीटचा फॉर्म’ आम्ही तारखेच्या गटात टाकणार होतो. तिने ती चिठ्ठी उचलून पैशाच्या गटात ठेवली. तिच्या हिशेबाने नीट म्हणजे एक जादा वर्ष होते.

समोर असलेले पर्याय

तारखेच्या गटातील सर्वांत निकडीची बाब आमच्यापैकी कोणाच्याच यादीत नव्हती. कुटुंब इतर मागास वर्गातील असून अश्विनीकडे जातीचे प्रमाणपत्र होते, पण ते पडताळून खरे ठरल्याचे वैधता प्रमाणपत्र नव्हते. बारावी विज्ञानाच्या विद्यार्थ्यांचे पडताळणीचे अर्ज महाविद्यालयामार्फत जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे जातात. आमच्या कार्यालयाने सप्टेंबरमध्ये तशी सूचना फलकावर लावली होती. अश्विनीने ती वाचली, घरी सांगितली, आणि आजोबांच्या शाळेच्या दाखल्यापाशी सगळे अडले. इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. वडिलांचा जन्म त्यानंतरचा असल्यामुळे त्यांच्या दाखल्यावर काम भागत नव्हते. आजोबा गावच्या शाळेत तिसरीपर्यंत शिकले होते, पण शाळेच्या जुन्या रजिस्टरात त्यांच्या नावापुढे आडनाव नव्हते, फक्त बापाचे नाव होते. ही नोंद आपली मानली जाईल की नाही, या शंकेने चार महिने अर्ज झालाच नव्हता. वंशावळीचे शपथपत्र वडिलांनी करायचे होते, आणि वडील दिवाळीला येऊन गेले तेव्हा त्यांच्याकडे हा विषय काढण्याचे धाडस कोणी केले नव्हते.

या एका कागदावर पैशाचा जवळजवळ संपूर्ण गट अवलंबून होता. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, त्यांना केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ होते. ‘मुलींना शिक्षण फुकट’ एवढे घरच्यांनी ऐकले होते. आपल्याला ते कसे लागू होते हे त्यांना कोणी समजावले नव्हते, आणि अश्विनीच्या बेरजेत सर्वांत मोठी रक्कम शुल्काचीच होती.

अभ्यासाच्या बाबतीत चार पर्याय समोर आले. पहिला, आहे तसे चालू ठेवून चारही परीक्षा देणे. दुसरा, नीट सोडून मंडळाची परीक्षा आणि सीईटी यांवर भर देणे. तिसरा, या वर्षी केवळ मंडळाची परीक्षा व्यवस्थित देऊन पुढचे वर्ष लातूरला नीटच्या तयारीत घालवणे. चौथा, तालुक्यातच बीएस्सीला प्रवेश घेणे. चौथा पर्याय तिनेच सांगितला आणि सांगताना तिचा आवाज सर्वांत मोकळा होता. त्यामुळे तोच तिच्या मनातला आहे असे मला वाटले. मॅडमनी तिला विचारले, “हॉस्टेलचा खर्च नसता तरी हेच घेतलं असतंस का?” तिने नकारार्थी मान हलवली. बीएस्सी तिला आवडत होते म्हणून नव्हे, तर ते सर्वांत स्वस्त होते आणि आजी जवळ राहणार होती म्हणून तिने निवडले होते.

तिसऱ्या पर्यायाविषयी माझे मत आधीपासून प्रतिकूल होते, हे नोंदवले पाहिजे. गावोगावची मुले पुन्हा पुन्हा वर्ष घालवताना मी पाहिली आहेत. काहींना त्याचा लाभ झाला, हेही खरे. तेव्हा माझे मत बाजूला ठेवून आकडे पाहण्याचे ठरवले. तिच्या क्लासच्या सराव चाचण्यांत नीटच्या ७२० पैकी सर्वाधिक २६८ गुण होते आणि त्यांतले बहुतेक जीवशास्त्राचे होते. भौतिकशास्त्रात ऋण गुणांमुळे तिचे खाते दोनदा शून्याच्या खाली गेले होते. शासकीय वैद्यकीय प्रवेशासाठी एवढे गुण अगदीच अपुरे होते. आपल्याला डॉक्टर व्हायचे आहे, असे एक्केचाळीस नोंदींत एकदाही आले नव्हते, आणि हे मॅडमनी दाखवून दिल्यावर ती स्वतःच चकित झाली. इंजिनिअर व्हायचे आहे असेही आले नव्हते, ही गोष्ट वेगळी. तिच्या नोंदींत अभियांत्रिकीविषयी शंका होत्या, नीटविषयी फक्त भीती होती. एवढ्या फरकावर आम्ही दुसऱ्या पर्यायाकडे झुकलो. हा आधार पुरेसा होता का, याविषयी मी आजही ठामपणे बोलू शकत नाही.

प्रत्यक्ष कृती

पहिले काम कागदांचे हाती घेतले. या वेळी वडिलांना फोन तिनेच केला. ‘लक्ष लागत नाही’ हा विषय तिने काढला नाही. तीन दिवसांसाठी या, तुमच्या सहीशिवाय अर्ज जात नाही, एवढेच ती म्हणाली. १ फेब्रुवारीला ते आले. आडनावाच्या अडचणीवर तोडगा आमच्या कार्यालयातील लिपिकांनी सुचवला. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी असतात, ज्याला गावात कोतवाल बुक म्हणतात. तेथे आजोबांच्या धाकट्या भावाच्या जन्माची नोंद जातीसह सापडली आणि तिच्यातील बापाचे नाव शाळेच्या रजिस्टराशी जुळले. ३ फेब्रुवारीला शपथपत्रे झाली आणि अर्ज दाखल झाला. त्या रात्री वडील परत गेले.

मंडळाची परीक्षा ११ फेब्रुवारीला सुरू होत होती, म्हणजे इंग्रजीच्या पेपरला आठ दिवस उरले होते. या धावपळीत तिचे तीन दिवस गेले होते, आणि मी ते तीन दिवस वाया गेले असे तिला म्हणालोही. ती म्हणाली, “सर, महिन्यात पहिल्यांदा झोप लागली.”

दरम्यान निरोप समारंभाचा एक उपप्रसंग घडला. मुलींनी साडी नेसून येण्याचे ठरवले होते आणि प्रत्येकी तीनशे रुपये वर्गणी होती. अश्विनीची नोंद वाचून मॅडमनी प्राचार्यांना सुचवले की यंदा समारंभ गणवेशातच ठेवावा. हेतू चांगला होता. परंतु ज्या सात-आठ मुलींनी ब्लाउज शिवून घेतले होते त्या नाराज झाल्या, कोणामुळे हे झाले याची कुजबुज सुरू झाली, आणि ते आपल्यामुळेच झाले हे ठाऊक असलेली अश्विनी समारंभाला आलीच नाही. तिला मावशीची साडी मिळाली होती, हे नंतर समजले. तिने विचार टिपला होता, मदत मागितली नव्हती. हा भेद आम्ही पाळला नाही.

मामांच्या वाक्याचेही असेच झाले, फक्त उलट दिशेने. ‘बारावी झाली की बघू’ याचा अर्थ तिने स्थळ असा लावला होता आणि तीन आठवडे ते ओझे वागवले होते. मॅडमनी आईला फोनवर सहज विचारले तेव्हा आई हसून म्हणाली की आपला भाऊ अश्विनीला मोबाइल घेऊन देणार आहे, त्याविषयी ते बोलणे होते. अश्विनीला हायसे वाटले. आईचे उत्तर जरा जास्तच तयार होते असे मॅडमना वाटले, पण तो तर्क आम्ही आमच्यापाशीच ठेवला.

नीटचा निर्णय सर्वांत लांबला. त्या वर्षी नीटच्या अर्जांची मुदत ७ फेब्रुवारी ते ७ मार्च होती, म्हणजे निर्णय मंडळाच्या परीक्षेच्या मधोमध घ्यावा लागणार होता. इतर मागास वर्गासाठी १६०० रुपये शुल्क होते, ते वडील पाठवणार होते. अर्ज भरायचा नाही असे अश्विनीने २७ जानेवारीलाच ठरवले होते, पण वडील तीन दिवस घरी असताना तिला ते बोलता आले नाही. “तुम्ही पप्पांना सांगू नका,” असे तिने मला म्हटले, आणि आधीच्या फोनची चूक मनात असल्यामुळे मी क्षणाचाही विचार न करता हो म्हणालो. आता आधीच्या उलट चूक झाली होती. आधी तिला वगळून वडिलांशी बोललो होतो, आता वडिलांना वगळून तिच्याशी संगनमत केले होते. वडील फेब्रुवारीत दोनदा मला फोन करून “नीटचा फॉर्म भरला का?” असे विचारत होते आणि मी “अजून मुदत आहे” असे सांगत होतो. उत्तर खोटे नव्हते, पण प्रामाणिकही नव्हते.

२ मार्चला मी तिला सांगितले की पुढचा फोन आला तर मी टाळाटाळ करणार नाही. त्या संध्याकाळी तिने स्वतः वडिलांना सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “तुझं तू बघ.” आपल्याकडे या तीन शब्दांत परवानगीही असते आणि रागही असतो. त्यांत नेमके काय होते हे लगेच कळले नाही. चार दिवसांनी वडिलांनी सोळाशे रुपये पाठवले आणि ते सीईटीच्या सराव चाचण्यांसाठी आहेत असे कळवले, तेव्हा उलगडा झाला.

एप्रिलमध्ये तिने सीईटीचे दोन्ही गट दिले. जीवशास्त्राच्या गटाचे शुल्क आधीच भरले होते, म्हणून ती परीक्षा दिली एवढेच. तयारी गणिताच्या गटाची केली. त्यात गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला दोन गुण असतात, म्हणून २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे होतात. रोजचा निम्मा वेळ गणिताला द्यायचा, एवढा एकच नियम आम्ही ठेवला. नवे वेळापत्रक मी आखले नाही.

निष्पत्ती

मंडळाचा निकाल ५ मे रोजी लागला. राज्यात ९१.८८ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले असल्यामुळे पास होणे ही गावात बातमी नव्हती, लोक टक्के विचारत होते. अश्विनीला ६०० पैकी ४४५ गुण मिळाले, म्हणजे ७४.१७ टक्के. भौतिकशास्त्रात ‘ड’ विभागातील तीनही प्रश्न तिने सोडवले होते असे तिने सांगितले. सीईटीच्या गणित गटात ८३ पर्सेंटाइल आले. जात वैधता प्रमाणपत्र जूनच्या शेवटच्या आठवड्यात हाती आले.

प्रवेशप्रक्रियेत मात्र आमचा जुना अनुभव आडवा आला. भरपूर पर्याय भरा आणि पुढच्या फेऱ्यांत सुधारणा घ्या, असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो होतो. २०२५ पासून नियम बदलला. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर ते घ्यावेच लागते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतींना हेच लागू होते. अश्विनीने दुसऱ्या क्रमांकावर इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार शाखेचे एक दूरचे महाविद्यालय टाकले होते आणि तिसऱ्यावर तीच शाखा असलेले, गावापासून जवळचे. दुसऱ्या फेरीत दुसरी पसंती मिळाली आणि प्रवेश तेथेच निश्चित झाला. हे दोन पर्याय उलट क्रमाने भरले असते तर कदाचित ती आठवड्याला घरी येऊ शकली असती. आता पंधरा दिवसांनी येते.

शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झाले. वसतिगृह आणि मेसचा खर्च राहिला. इतर मागास वर्गातील विद्यार्थ्यांच्या निवास-भोजनासाठी असलेल्या सावित्रीबाई फुले आधार योजनेला तिने अर्ज केला आहे. तेथे लाभार्थींची संख्या मर्यादित असते, त्यामुळे तो मिळेलच असे गृहीत धरलेले नाही.

आजीच्या डोळ्यांतील थेंबांची नोंद आम्ही तिसऱ्या गटात टाकली होती, आणि त्या गटाकडे पुन्हा कोणी पाहिलेच नव्हते. ऑगस्टमध्ये ती भेटायला आली तेव्हा मला ती आठवली आणि मी विचारले. मार्चमध्येच तिने धाकट्या भावाला थेंब घालायला शिकवले होते, आणि पंधरा दिवस स्वतः शेजारी उभे राहून त्याच्याकडून करून घेतले होते. म्हणजे ज्या काळात आम्ही तिला निर्णय घेता येत नाही असे समजत होतो, त्या काळात तिने घराबाहेर पडण्याची तयारी सुरू केली होती.

काय वेगळे करता आले असते

पुरवणीवरची बेरीज पाहिली त्याच दिवशी मी तिला “हा कसला हिशेब?” एवढे विचारायला हवे होते. तसे झाले असते तर वेळापत्रक, वडिलांना केलेला फोन आणि गैरहजेरी हे सगळे टळले असते. जर्नलवर सह्या करताना आम्ही शिक्षक रोज मुलांच्या वह्या चाळतो, पण शेवटचे पान आपले नाही असे समजून उलटत नाही. ते योग्यही असेल. पुरवणी मात्र माझ्या हातात तपासण्यासाठीच आली होती.

वडिलांच्या बाबतीत दोन्ही वेळा मी घाई केली. गुप्ततेचे वचन देताना त्याची मुदत सांगणे शक्य होते : अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आत तू सांग, नाही तर मी सांगेन. हेच मी शेवटी केले, पण महिनाभर उशिरा.

वैधता प्रमाणपत्राची सूचना फलकावर लावून कार्यालयाचे काम झाले असे आम्ही मानले. या वर्षी जुलैमध्येच प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळे बोलावून आजोबा कोणत्या शाळेत होते हे विचारले. दोघांच्या घरी १९६७ पूर्वीचा एकही कागद निघाला नाही. त्यांच्यासाठी कोतवाल बुकाचा शोध सुरू आहे.

नोंदींचा प्रयोग संपूर्ण वर्गावर करून पाहण्याचा मोह मला आवरला नाही. ऑगस्टमध्ये मी तुकडीला तसे सांगितले. आठवड्याने बावन्न वह्या जमा झाल्या. बहुतेकांनी समास आखून, शीर्षक देऊन, ‘माझे ध्येय’ या विषयावर दीड पानाचा निबंध लिहिला होता, आणि एकाने खाली शिक्षकांच्या सहीसाठी जागाही सोडली होती. मॅडम म्हणाल्या की तो वर्गपाठ म्हणून दिला, तेथेच बिघडले. त्या वह्या मी सही न करता परत केल्या आहेत. सध्या प्रात्यक्षिकानंतर कोण मागे थांबते, हे प्रयोगशाळेच्या मावशींना विचारून घेतो.